कातळाचा हंगाम कोणता? : परदेशातील प्रस्तरारोहणाविषयी वाचकांचे प्रश्न

सह्याद्रीतील सुळक्यांवर चार-पाच हंगाम काढलेली मंडळी आता परदेशातील कातळभिंतींचा विचार करू लागली आहेत, हे या सदराकडे येणाऱ्या पत्रांवरून स्पष्ट दिसते. पूर्वी 'कुठे जावे' असे विचारले जाई. या वेळच्या पत्रांत 'केव्हा जावे' असे विचारले आहे, आणि माझ्या मते तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. रजा, तिकीट आणि व्हिसा यांची जुळवाजुळव करून दहा-बारा दिवसांसाठी गेलेल्या आरोहकाला ओला कातळ मिळाला, तर त्या दिवसांची भरपाई पुढे कशानेही होत नाही. पाच पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही पुण्यातील चार मित्र आहोत. तैलबैला, नागफणी आणि सह्याद्रीतील काही सुळके आम्ही केले आहेत, आणि दोन वर्षांपासून कृत्रिम भिंतीवर नियमित सरावही करतो. ग्रीसमधील कालिम्नोस बेटावर बारा दिवसांसाठी जाण्याचा आमचा विचार आहे. दोघांचे म्हणणे दिवाळीच्या सुट्टीला जोडून जावे, तर दोघांना एप्रिल योग्य वाटतो. दोन्ही महिने चांगले असल्याचे सगळीकडे वाचायला मिळते. आम्ही निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

उत्तर : आपल्या चौघांपैकी कोणीही चूक नाही, कारण तापमानाच्या तक्त्यात एप्रिलची अखेर आणि ऑक्टोबरची अखेर एकमेकींपासून फार लांब दिसत नाहीत. मात्र तक्ता हवेचा असतो, कातळाचा नसतो. कालिम्नोसचा डोंगर चुनखडीचा आहे. तिथला बहुतेक पाऊस नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत पडतो आणि भेगांमधून डोंगराच्या पोटात मुरतो. पाऊस थांबल्यावरही ते पाणी कित्येक आठवडे हळूहळू बाहेर येत राहते, आणि ते येते नेमके गुहांच्या छतातून व तिथे लोंबणाऱ्या चुनखडीच्या झुंबरांतून. किंबहुना ही झुंबरे अशाच पाझरातून हजारो वर्षांत घडलेली आहेत. ज्या 'ग्रांदे ग्रोत्ता' या प्रचंड गुहेची छायाचित्रे पाहून बहुतेक जण कालिम्नोसला जायचे ठरवतात, ती गुहा अशा झुंबरांनीच भरलेली आहे.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. आकाश निरभ्र होते, आणि आठ दिवसांत पाऊस पडला नव्हता, असे आमच्या घरमालकाने सांगितले होते. बेटावरच्या मसूरी गावातून चढून गुहेच्या तोंडाशी पोहोचलो, तेव्हा प्रथम लक्ष गेले ते पायांखालच्या धुळीकडे. त्या कोरड्या, पिठासारख्या धुळीत जागोजाग वाटाण्याएवढे खळगे पडलेले होते, आणि दर काही सेकंदांनी त्यांतल्या एखाद्यात वरून थेंब पडत होता. दोर अडकवण्यासाठी कातळात बसवलेले पहिले दोन बोल्ट पार करून मी एका झुंबराला दोन्ही गुडघ्यांनी कवटाळले. बाहेरून ते पांढरेफटक, कोरडे दिसत होते. पण मागच्या बाजूला अंगठा घातला, तर तो ओलाच बाहेर आला. घाम शोषण्यासाठी हाताला लावलेल्या चॉकच्या भुकटीची क्षणात भिजवलेल्या तांदळाच्या पिठासारखी लगदी झाली आणि पकड सुटली. खाली दोर धरून उभा असलेला माझा सोबती तोवर तीन वेळा जागा बदलून चुकला होता, कारण वर पाहिले की डोळ्यात पाणी पडत होते. त्या फेरीत गुहेतला एकही मार्ग आम्हाला नीट करता आला नाही. पुढे एका वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच झुंबराला हात लावला, तेव्हा ते खडखडीत वाळलेले होते, कारण मधले चार-पाच महिने त्या बेटावर पावसाचा जवळपास थेंबही पडत नाही.

म्हणून पहिला निकष असा ठेवावा की आपल्याला चढायचे काय आहे. गुहा, पुढे झुकलेल्या भिंती आणि झुंबरे हेच मुख्य आकर्षण असेल, तर ऑक्टोबरला पर्याय नाही. उलट उभ्या किंवा किंचित मागे कललेल्या करड्या भिंतींवर बारीक पकडी शोधत चढण्यात ज्यांना आनंद वाटतो, त्यांनी एप्रिलची अखेर आणि मेचा पूर्वार्ध निःशंकपणे निवडावा. अशा भिंती सर आल्यानंतर काही तासांत वाळतात, दिवस लांब असतो, डोंगरउतारावर रानफुले असतात आणि मार्गांच्या पायथ्याशी रांग लावावी लागत नाही. समुद्र मात्र त्या दिवसांत थंडगार असतो. ऑक्टोबरमध्ये दिवसभर चढून झाल्यावर पोहायला उतरता येते, आणि बोटे सुजलेल्या माणसाला त्याचे मोल फार वाटते.

आपल्या पत्रातील 'दिवाळी' या शब्दाविषयी एक सावधगिरीची सूचना करतो. दिवाळी हा ऋतू धरून चालण्याजोगा मुहूर्त नाही. २०२५मध्ये ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. आपल्याकडे हा फरक पंचांगापुरता राहतो, पण कालिम्नोसच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. शेजारच्या कोस बेटावर युरोपातून थेट येणारी हंगामी विमाने ऑक्टोबरच्या अखेरीस बंद होतात. मग अथेन्सहून देशांतर्गत विमानाने किंवा पिरेयस बंदरातून रात्रभराच्या बोटीने जावे लागते. नोव्हेंबरचा पंधरवडा उलटेपर्यंत मसूरी आणि मिर्तिएस या गावांतील अनेक खानावळी दारे लावतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात, आणि त्यानंतर तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पावसाचा धोकाही दर आठवड्याला वाढत जातो. कोरडा आणि सुंदर नोव्हेंबरही मी पाहिला आहे, पण बारा दिवसांची एकच संधी असलेल्या गटाला त्यावर भिस्त ठेवायला मी सांगणार नाही. २०२६मध्येच जायचे असेल, तर दिवाळी सोडून द्यावी आणि २० ऑक्टोबरच्या दसऱ्याआधीचा पंधरवडा धरावा. घरच्यांना दिवाळी घरी मिळेल, हाही त्यातला एक लाभ आहे.

आणखी एका गोष्टीचा विचार महाराष्ट्रातील आरोहकाने करायलाच हवा. परदेशी लिखाणात ती सापडणार नाही, कारण ती आपल्या पावसाची आहे. आपला हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतो. मार्चपासून काळा बेसाल्ट सकाळी दहा-अकरालाच हात ठेवू देत नाही, आणि जून ते सप्टेंबर कातळ शेवाळलेला असतो. म्हणजे एप्रिलमध्ये जाणारा आरोहक ताज्या हंगामातून गेलेला असतो, आणि ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्याच्या बोटांना खऱ्या दगडाचा स्पर्श होऊन सात-आठ महिने लोटलेले असतात. कातळ ऑक्टोबरची बाजू घेतो आणि शरीर एप्रिलची, असा हा पेच आहे. आपण कृत्रिम भिंतीवर नियमित जात असल्यामुळे तो सुटण्यासारखा आहे: जुलैपासून आठवड्यातले तीन दिवस पुढे झुकलेल्या भिंतीवर द्यावेत, आणि बेटावर पोहोचल्यावर पहिले दोन दिवस आपल्या क्षमतेपेक्षा बऱ्याच सोप्या मार्गांवर घालवावेत. तिथे मार्ग हजारोंच्या संख्येने आहेत. आंद्रेआ दी बारी या इटालियन आरोहकाने १९९६-९७च्या सुमारास सुरुवात केल्यापासून त्यांत सतत भर पडत गेली आहे, त्यामुळे सोप्या मार्गांची उणीव भासणार नाही.

महिना ठरल्यावरही एक निवड उरते, ती दिवसाच्या वेळेची. मसूरीच्या वरच्या बऱ्याच भिंतींचे तोंड पश्चिमेकडे किंवा नैर्ऋत्येकडे आहे, त्यामुळे सकाळी सावली आणि दुपारनंतर ऊन असा तिथला नेम आहे. ऑक्टोबरच्या आरंभी सकाळी लवकर चढावे आणि दुपारी थांबावे. महिना संपता संपता हेच वेळापत्रक उलटे करावेसे वाटते, कारण मग सकाळच्या सावलीत वारा बोचतो. मार्गदर्शक पुस्तिकेत प्रत्येक भिंतीवर ऊन केव्हा येते ते दिलेले असते. ती पुस्तिका घरी बसून, पेन्सिल हातात घेऊन वाचावी.

ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. उन्हाळी पर्यटनाच्या गर्दीत भेटीची वेळ मिळणे कठीण जाते, त्यामुळे ऑक्टोबरसाठी मे-जूनमध्येच हालचाल करावी. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. तो घेताना दोरावरचे आरोहण आणि डोंगरातून सुटका यांचा खर्च त्यात धरलेला आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावीची परीक्षा देत आहे. नाशिकमध्ये ती चार वर्षांपासून प्रस्तरारोहण शिकते. परीक्षा आणि सीईटी आटोपल्यावर मेच्या अखेरीस तिला तिच्या प्रशिक्षकांबरोबर थायलंडमधील रायले येथे पाठवावे, असा विचार आहे. एका पर्यटन संस्थेने त्या काळात निम्म्या दरात राहण्याची सोय देऊ केली आहे. हा काळ योग्य आहे का?

उत्तर : माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि दर निम्मा का आहे याचे कारणही त्यातच आहे. रायले आणि त्याला लागून असलेले तोनसाय हे क्राबी प्रांतात, अंदमान समुद्राच्या काठी आहेत. कोकणात जूनमध्ये येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे त्या किनाऱ्यावर मेमध्येच पोहोचतात आणि ऑक्टोबरपर्यंत तिथला मुक्काम हलवत नाहीत. आपण ज्या पावसाची वाट पाहत असतो, तोच पाऊस आपल्या आधी तिथे पडत असतो, असे म्हणायला हरकत नाही.

याविषयी मी थोडे कळकळीने लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका प्रवासी दलालाने 'ऑक्टोबरमध्ये तिथला पाऊस संपलेला असतो' असे ठामपणे सांगितले, आणि मुंबईच्या अनुभवावरून मला ते पटले. प्रत्यक्षात क्राबीत सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाच्या महिन्यांत मोडतात. आठ दिवसांपैकी तीनच दिवस आम्हाला चढता आले. पुढे झुकलेल्या काही भिंती पावसातही वरून कोरड्या राहतात, हे खरे आहे. परंतु रायलेला रस्ता नाही. चहूबाजूंनी उभे कडे आणि समोर समुद्र असल्यामुळे आओ नांग गावाहून लांब शेपटीच्या होडीनेच जावे लागते, आणि समुद्र खवळला की त्या होड्या थांबतात. एका सकाळी पाठीवर सामान घेऊन आम्ही चार तास किनाऱ्यावर उभे होतो. चढलो त्या दिवशीही हवा इतकी दमट होती की चॉक लावलेला हात पहिल्या पकडीपर्यंत पोहोचेस्तोवर पुन्हा ओला होई.

रायलेचा खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे. मार्च आणि एप्रिलमध्ये पाऊस कमी असला, तरी ते तिथले सर्वांत तापलेले महिने असतात आणि फक्त सावलीतल्या भिंतींवरच काही तास काम करता येते. नाताळ ते नववर्ष या दिवसांत राहण्याचे दर चढतात, त्यामुळे डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा उत्तरार्ध निवडावा. भरती-ओहोटीचे वेळापत्रकही पाहून ठेवावे; ओहोटीच्या वेळी रायलेच्या पश्चिम किनाऱ्यावरून तोनसायला पाण्याच्या कडेने चालत जाता येते, भरतीत ती वाट बुडते आणि मग रानातून वळसा पडतो.

प्रशिक्षकांच्या कानावर आणखी एक बाब अवश्य घालावी. समुद्रकाठच्या चुनखडीत खारी, दमट हवा आणि दगडातील क्षार मिळून पोलादाच्या बोल्टला आतून बारीक तडे पाडतात. बाहेरून चकचकीत दिसणारा स्टेनलेस स्टीलचा बोल्टही त्यामुळे तुटू शकतो. रायलेत असे घडल्यानंतर तिथल्या आरोहकांनी परिश्रमपूर्वक टायटॅनियमचे, डिंकासारख्या रसायनाने दगडात बसवलेले बोल्ट लावण्यास सुरुवात केली. कोणत्या मार्गावर टायटॅनियमचे बोल्ट आहेत, याची तिथल्या प्रशिक्षण केंद्रात विचारणा करावी आणि पहिल्या फेरीत त्याच मार्गांवर चढावे. या गोष्टीचा ऋतूशी संबंध नाही, पण मुलीला पाठवणाऱ्या वडिलांना ती ठाऊक असलीच पाहिजे.

मेमध्येच जाणे आवश्यक असेल, तर वर वर्णन केलेले कालिम्नोस मेच्या पूर्वार्धात उत्तम असते आणि महिन्याच्या अखेरीसही सावलीच्या भिंतींवर चालून जाते. फक्त खर्च बराच वाढेल. माझ्या मनात विचाराल, तर मुलीला महाविद्यालयाचे पहिले सत्र पूर्ण करू द्यावे आणि डिसेंबरमध्ये रायलेला पाठवावे. आधी नोव्हेंबरमध्ये बदामीच्या तांबड्या वालुकाश्मावर चार दिवस सराव झाला, तर बोल्ट लावलेल्या नैसर्गिक कातळावर पुढे राहून चढण्याची सवयही तिला होईल.

प्रश्न : साताऱ्यात माझा बांधकामाचा व्यवसाय आहे. पावसाळ्यात कामे थंडावतात, त्यामुळे मला जुलै-ऑगस्टमध्येच तीन आठवडे मोकळे मिळतात, आणि नेमके तेव्हा सह्याद्रीत चढता येत नाही. या काळात चांगला हंगाम असलेले ठिकाण जगात कुठे आहे?

उत्तर : आपला पावसाळा हा दक्षिण गोलार्धातील हिवाळा असतो, ही गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या उत्तरेला सीडरबर्ग पर्वतराजीत रॉकलँड्स नावाचा प्रदेश आहे. तिथे केशरी-करड्या वालुकाश्माच्या अवाढव्य शिळा मैलोगणती विखुरलेल्या आहेत, आणि जून ते ऑगस्ट हाच त्यांचा हंगाम मानला जातो. दिवसा हवा सुखद असते, रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरू शकतो, आणि थंड, कोरड्या हवेत त्या खरखरीत दगडावर रबर आणि कातडी दोन्ही घट्ट बसतात. मात्र हे बोल्डरिंगचे ठिकाण आहे; म्हणजे दोर नाही, उंची कमी, खाली गादी अंथरलेली आणि चाली अवघड. सुळक्यावर टप्प्याटप्प्याने चढत माथा गाठण्याची ओढ ज्याला असेल, त्याचे समाधान तिथे होईलच असे नाही. तो भाग हिवाळी पावसाचा आहे, त्यामुळे अधूनमधून थंड वाऱ्यांबरोबर दोन-तीन दिवसांचा पाऊस येतो. वालुकाश्म ओला असताना त्यावर चढू नये, हा नियम तिथे काटेकोरपणे पाळावा. पाणी शोषलेला वालुकाश्म ठिसूळ होतो आणि पकड हातात तुटून येते. त्यात आपण पडतो, आणि इतरांसाठी तो मार्ग कायमचा बिघडतो.

उंच भिंती हव्या असतील, तर उत्तर इटलीतील डोलोमाइट्सचा विचार करावा. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथली डोंगरावरची निवासस्थाने उघडी असतात. त्रे चीमे दी लावारेदोसारख्या ठिकाणी अनेक टप्प्यांचे, जुन्या पद्धतीचे मार्ग आहेत, आणि ठिसूळ दगड ओळखण्याची सह्याद्रीतली सवय तिथे फार उपयोगी पडते. धोका दुपारच्या गडगडाटी पावसाचा आणि विजेचा असतो. तिथे पहाटे अंधारात निघतात आणि दुपारपर्यंत माथ्यावरून उतरायला लागतात. ऑगस्टच्या मध्याला सारा इटली सुट्टीवर असतो. त्यापेक्षा जुलैचा पूर्वार्ध बरा. तीन आठवडे मिळतात आणि सुळक्यांचा अनुभव आहे, असे धरून मी आपल्याला डोलोमाइट्सच सुचवीन.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे राहते. मुंबईचा माझा चुलतभाऊ कंपनीच्या कामासाठी ऑगस्टमध्ये येत आहे, आणि आम्हाला दोघांना योसेमिटीला चढायचे आहे. कातळ थंड असेल तरच पकड बसते, असे इथले आरोहक म्हणतात. हे खरे आहे की अनुभवी लोकांचा हट्ट आहे?

उत्तर : हे पूर्णपणे खरे आहे. गुळगुळीत ग्रॅनाइटवर आपण पकडीपेक्षा घर्षणावर अधिक विसंबून असतो. उष्णतेने बोटांना घाम सुटतो, कातडी मऊ पडते आणि बुटाचे रबरही पूर्वीसारखे दगडाला धरून राहत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या घरापासून काही तासांवर घडले आहे. टॉमी कॉल्डवेल आणि केविन जॉर्गसन या आरोहकांनी योसेमिटीतील एल कॅपिटन या सुमारे ९०० मीटर उंच कड्यावरील 'डॉन वॉल' हा मार्ग १९ दिवस भिंतीवर राहून, १४ जानेवारी २०१५ रोजी पूर्ण केला. ऐन हिवाळ्याची निवड त्यांनी जाणूनबुजून केली होती. इतकेच नव्हे, तर त्यातील अवघड टप्पे ते सूर्य गेल्यावर, हेडटॉर्चच्या उजेडात चढले, कारण जानेवारीतही त्या भिंतीवर दिवसा येणारे ऊन त्यांना नको होते. पंधराव्या टप्प्यावर जॉर्गसन कित्येक दिवस अडकून पडला, तेव्हा मधले दिवस त्याने बोटांची फाटलेली कातडी भरून येण्याची वाट पाहण्यात घालवले. इतक्या वरच्या पातळीवर जे दिसते, तेच सौम्य प्रमाणात आपल्यालाही लागू पडते.

योसेमिटीच्या दरीत ऑगस्टमध्ये दुपारी पारा ३० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे दरीतील उन्हाच्या भिंती सोडून द्याव्यात. तिथला खरा हंगाम एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा आहे. वसंतात काही भिंती ससाण्यांच्या विणीमुळे साधारण मार्च ते जुलैच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात, हेही पुढच्या वेळी ध्यानात असू द्यावे. भावाचा ऑगस्ट बदलता येत नसेल, तर टिओगा रस्त्याने वर टूअलमी मेडोज येथे जावे. ते कुरण सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे, तिथले ग्रॅनाइटचे घुमट ऑगस्टमध्ये चढण्याजोगे थंड असतात, आणि हिवाळ्यात तो रस्ताच बर्फाने बंद होत असल्यामुळे उन्हाळा हाच तिथला हंगाम आहे. तिथे बोल्ट एकमेकांपासून बरेच लांब असतात, म्हणून सोप्या श्रेणीपासून सुरुवात करावी. मुंबईहून आलेल्या भावाला पहिला दिवस विश्रांतीचा द्यावा, कारण समुद्रसपाटीवरून एकदम त्या उंचीवर गेल्यास डोके दुखते आणि धाप लागते. ऑगस्टमध्ये वणव्यांच्या धुराची शक्यता असते. निघण्याच्या आदल्या दिवशी हवेची गुणवत्ता पाहूनच गाडी काढावी.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी मस्कतला असतो. डोंबिवलीचे माझे दोन मित्र थंडीत इथे येऊन ओमानमधील 'हजर' या पर्वतरांगेत चढायचे म्हणतात. त्यांना कोणत्या महिन्यात बोलवावे?

उत्तर : नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत केव्हाही बोलवावे. मार्चही बहुधा चालतो, त्यानंतर मात्र दगड तापू लागतो. तिथल्या जेबेल मिश्त या डोंगराच्या मोठ्या भिंतीवर डोळा असेल, तर डिसेंबर-जानेवारीत दिवस आखूड असतो, हे लक्षात घेऊन फेब्रुवारी निवडावा, आणि पाणी आपण सह्याद्रीत नेतो त्याच्या दुप्पट न्यावे. उंचावर रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा डोंबिवलीच्या पाहुण्यांना जाड स्वेटर आणायला आवर्जून सांगावे. पाऊस क्वचितच पडतो, पण पडला की दूरच्या डोंगरावर कोसळलेले पाणी कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतून काही मिनिटांत लोंढ्यासारखे खाली येते. त्या पात्रांतली सपाट, वाळूची जागा तंबूसाठी फार मोहात पाडते. तिथे तंबू ठोकू नये आणि गाडीही रात्रभर उभी करू नये. काठावरची खडबडीत जागा साफ करून घ्यावी.